मेणा, मोटार आणि मूळ पाठ

(१)

मोटारगाडी हा विषय इतिहास-संशोधनाच्या त्रैमासिकांत यावा याचें कांहीं वाचकांस नवल वाटेल. सनदा, महजर, बखरी व ताम्रपट यांच्या सहवासांत वावरणाऱ्या मंडळींस रस्त्यावरून धूळ उडवीत जाणारें यंत्र हें संशोधनाचें साधन वाटत नाहीं. परंतु मुंबईस पहिल्या मोटारी उतरल्यास आतां सव्वाशें वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. जी वस्तु चार पिढ्यांनीं वापरली, जिच्यासाठीं कायदे झाले आणि जिच्या नोंदी सरकारी दप्तरांत शिरल्या, ती इतिहासाच्या कक्षेंत आलीच. प्रस्तुत लेखांत आम्ही एकच मुद्दा मांडणार आहों. जुनी मोटार ही हस्तलिखित पोथीप्रमाणें वाचावी लागते. तिच्यांत मूळ पाठ असतो, प्रक्षेप असतात, पुष्पिकाही असते. आणि अलीकडे तिच्यांत असे फेरफार होऊं लागले आहेत कीं, त्यांचा माग पुढील संशोधकास केवळ गाडी पाहून लागणार नाहीं.

(२)

प्रथम शब्दाचा विचार करूं. आज संपन्न गृहस्थाच्या दारांत चार दारांची, बंद छपराची, मागें सामानाचा वेगळा कप्पा असलेली जी ऐसपैस गाडी दिसते तिला 'सेडान' म्हणतात. हा शब्द मोटारीहून पुष्कळ जुना आहे. सतराव्या शतकांत लंडन शहरीं दोन माणसांनीं दांड्यांवर उचलून न्यावयाच्या बंद खुर्चीस हें नांव होतें. अशा खुर्च्या भाड्यानें चालविण्याची सनद सर सँडर्स डंकम यास सन १६३४ मध्यें मिळाली. शब्दाच्या व्युत्पत्तीविषयीं विद्वानांत एकमत नाहीं. अर्थाविषयीं मात्र वाद नाहीं. पुढें सन १९१२ च्या सुमारास अमेरिकेंतील कारखानदारांनीं बंद मोटारीस तेंच नांव दिलें. म्हणजे सेडान ही आपल्या मेण्याची विलायती सोयरी होय. मेणा हा शब्दही फारसी 'मियाना' पासून आपल्याकडे आलेला.

त्याहून मागें गेल्यास अमरकोशांत शिबिका व याप्ययान हे उचलून न्यावयाच्या यानाचे पर्याय आहेत, आणि झांकलेल्या यानासाठीं कर्णीरथ, प्रवहण व डयन हे तीन शब्द एकत्र दिले आहेत. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकांतील मानसोल्लासांत राजाचे जे वीस उपभोग सांगितले आहेत, त्यांत गृह, वस्त्र व अन्न यांच्या पंक्तीस यानही बसविलें आहे. वाहन हें केवळ जाण्यायेण्याचें साधन नसून भोगाचें व मानाचें चिन्ह होय, ही कल्पना मोटारीबरोबर आलेली नाहीं. मोटारीनें ती आयतीच उचलली.

(३)

मराठेशाहींत हा मान दप्तरांत उतरला. ज्यास पालखी मिळे तो पालखीनशीन. पालखीचा मान सरकारांतून मिळे, तिच्या खर्चाची नेमणूक करून दिली जाई, आणि ती नेमणूक हिशेबांत पडे. म्हणूनच आज ती पालखी शिल्लक नसली तरी कोणास तिचा मान होता व त्यापायीं काय खर्च पडे, हें पुष्कळ ठिकाणीं सांगतां येतें. लांकूड किडलें, पण कागद उरला.

आमच्या पालीच्या मुलखांत तर चाकाच्या भारी वाहनास फारसा वावच नव्हता. सरसगडाच्या पायथ्याशीं गांव, जवळ अंबा नदी, पूर्वेस सुधागड, आणि त्यामागें सह्याद्रीची भिंत. तैलबैलाच्या बाजूनें सुधागडाकडे उतरणारी सवाष्णीची वाट ही पायवाट. तिच्यावरून माणूस, फार तर ओझ्याचा बैल जावा. तेथें रथाचें नांव घेणेंच नको. घाटावरून कोंकणांत उतरणारी चाकाची सडक बोरघाटांतून झाली ती सन १८३० मध्यें, सर जॉन माल्कम हा मुंबईचा गव्हर्नर असतां. त्या घाटाच्या पायथ्याच्या खोपोलीहून पालीस येणाऱ्या रस्त्यानें आज अष्टविनायकांच्या यात्रेकरूंच्या मोटारींची रांग लागते. माघी उत्सवांत श्रीबल्लाळेश्वराची पालखी निघते तेव्हां खांद्यावरचें यान आणि यंत्राचें यान हीं दोन्ही एकाच गांवांत दृष्टीस पडतात.

पालीचा आणखी एक संबंध येथें सांगितला पाहिजे. सुधागड तालुका सन १९४८ पर्यंत भोर संस्थानाकडे होता, आणि भोरचें घराणें पंत सचिवांचें. राजाराम छत्रपतींच्या कारकीर्दींत तें पद शंकराजी नारायण यांजकडे आलें. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांत सचिवाचें काम काय होतें? राजपत्रें तपासून त्यांतील अधिकउणा मजकूर शोधावा, हें. कागदांत मागाहून कोणीं काय घातलें आणि काय गाळलें, हें पाहणाऱ्या अधिकाऱ्याच्या अंमलाखालीं हा प्रांत पिढ्यानुपिढ्या राहिला. मोटारीच्या बाबतींतही आज नेमका हाच प्रश्न आहे.

(४)

मोटारींचा इतिहास दूरदेशींचा, असें समजण्याचें कारण नाहीं. सन १९२८ मध्यें जनरल मोटर्स कंपनीनें मुंबईंत शिवडी येथें गाड्यांची जुळणी सुरू केली. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनीं सन १९४४ मध्यें प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली व तिचा कारखाना कुर्ल्यास चालला. सन १९४५ मध्यें स्थापन झालेल्या महिंद्र आणि महंमद या कंपनीचें नांव सन १९४८ मध्यें महिंद्र आणि महिंद्र असें झालें. तिनें अमेरिकन विलीस जीपांची जुळणी मुंबईस आरंभिली. जीप हें दुसऱ्या महायुद्धांतील लष्करी वाहन; खाचखळग्यांतून जाणाऱ्या ज्या उंच, दणकट गाड्यांस आज इंग्रजी आद्याक्षरांवरून 'एसयूव्ही' म्हणतात, त्यांचा हा मूळपुरुष. त्याच घराण्यांतील स्कॉर्पिओ ही गाडी सन २००२ मध्यें नाशिकच्या कारखान्यांतून बाहेर पडली. भारी सेडानांपैकीं मर्सिडीज-बेंझ गाड्या सन १९९५ पासून पुण्याजवळ तयार होऊं लागल्या. सन २००९ मध्यें त्यांचा स्वतंत्र कारखाना चाकणास झाला.

यांत एक नांव व्युत्पत्तिशास्त्र्यांनीं टिपून ठेवण्यासारखें आहे. सन १९९४ मध्यें टाटांनीं 'सुमो' नांवाची गाडी काढली. जपानी मल्लांवरून हें नांव पडलें असावें, असा तर्क कोणीही करील आणि तो अगदीं सयुक्तिक दिसेल. वस्तुतः तें नांव त्या कंपनीचे धुरीण सुमंत मुळगांवकर यांच्या नांवाच्या व आडनांवाच्या आद्याक्षरांवरून घेतलेलें आहे. लिखित पुरावा हरवला तर शंभर वर्षांनीं आमच्यासारखाच कोणी संशोधक त्या गाडीचें मूळ जपानांत शोधूं लागेल.

(५)

आतां मोटार पोथीसारखी वाचावयाची म्हणजे काय, तें पाहूं. पोथीच्या शेवटीं पुष्पिका असते. तींत लेखकाचें नांव, शक, स्थळ यांची नोंद सांपडते. मोटारीच्या सांगाड्यावर व इंजिनावर कोरलेले क्रमांक ही तिची पुष्पिका होय. नोंदणीचें पुस्तक, कर भरल्याच्या पावत्या, विम्याचे कागद व दुरुस्तीचीं बिलें हा तिचा दप्तरी पुरावा. क्रमांक एका काळाचा आणि दारें, दिवे, बैठकी दुसऱ्या काळाच्या असें आढळलें म्हणजे पोथींत मागाहून पानें घातलीं आहेत, हें ओळखावें.

परंतु 'मूळ' कशास म्हणावें हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. दुसऱ्या महायुद्धापूर्वीं रोल्स-रॉइससारखा कारखाना केवळ सांगाडा व यंत्र देई. वरचा साज मालकाच्या आवडीप्रमाणें निराळे कारागीर चढवीत. अशा गाडीचे कर्ते आरंभापासूनच दोन. ग्रंथ एकाचा व टीका दुसऱ्याची असावी, आणि दोन्ही एकाच पानावर लिहिलेलीं असावीं, तसा हा प्रकार. येथें दुसऱ्याचा हात दिसला म्हणून त्यास प्रक्षेप ठरवितां येत नाहीं. तो हात केव्हांचा आहे, हें पाहावें लागतें, आणि तें कागदांवांचून ठरत नाहीं.

(६)

मोटारीचा वेग व जोर वाढविण्यासाठीं तिच्यांत फेरफार करण्याची विद्या आहे. तिला 'ट्यूनिंग' म्हणतात. जुन्या पद्धतींत कारागीर कार्ब्युरेटरमधील जेट मोठें बसवी, सिलिंडरचें भोंक वाढवी किंवा त्याचा माथा घासून दाब वाढवी. या प्रत्येक कृत्याची खूण धातूवर राही. जाणत्यानें माप घेतलें कीं फेरफार उघडकीस येई.

आतां इंजिनाचा कारभार एक लहान संगणक पाहतो. इंजिनाचे फेरे इतके व भार इतका असतां इंधन किती सोडावें, ठिणगी कोणत्या क्षणीं पाडावी, टर्बोचा दाब किती ठेवावा, याचीं कोष्टकें त्यांत भरलेलीं असतात. तीं कोष्टकें बदलण्यास 'रीमॅप' म्हणतात. त्यानें इंजिनाची शक्ति वाढते. त्याबरोबर उष्णता, धूर व यंत्राची झीज हींही वाढूं शकतात. पण बाहेरून पाहतां गाडीचा एक खिळाही हललेला नसतो.

पोथ्या लिहिणारे लेखक चुकलेलीं अक्षरें हरताळानें झांकीत. 'हरताळ फासणें' हा वाक्प्रचार त्यावरूनच आला. तो पिवळा डाग वाचकास सांगतो कीं, येथें कांहीं होतें आणि तें मुद्दाम काढलें आहे. क्वचित् डागाखालचें अक्षरही वाचतां येतें. जुन्या कारागिराचें ट्यूनिंग हें हरताळ लावलेल्या पोथीसारखें होतें. संगणकांतील फेरफारास असा डाग नाहीं. जुन्या कोष्टकांची प्रत कोणीं जपून ठेवली नसेल, तर मूळ पाठ गेला तो गेलाच.

(७)

कायद्यासही हा प्रश्न टाळतां आलेला नाहीं. सन १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें, कारखानदारानें ठरविलेल्या व नोंदणींत लिहिलेल्या तपशिलाशीं विसंगत असा फेरफार मालकास करतां येत नाहीं. परवानगीनें करावयाचे कांहीं बदल तेवढे वगळले आहेत. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें याच मताचा निर्णय दिला. पुढें सन २०२१ मध्यें जुन्या वाहनांसाठीं निराळे नियम झाले. पहिल्या नोंदणीस ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या, धंद्यासाठीं न वापरलेल्या आणि सांगाडा, साज व इंजिन यांत मोठा बदल न झालेल्या गाडीस ऐतिहासिक वाहन म्हणून नोंदतां येतें. त्याची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षें, आणि फेरनोंदणीस ५,००० रुपये. मूळ स्वरूपाचा आग्रह आजवर ग्रंथसंपादक धरीत. आतां तो सरकारी नियमांत शिरला आहे. परंतु गाडी मूळ स्वरूपांत आहे हें सिद्ध कशानें करावयाचें? ज्या घरीं जुनीं नोंदणी-पुस्तकें व बिलें गाडीबरोबरच रद्दींत गेलीं, तेथें उत्तर सांपडणें कठीण.

(८)

फेरफार करणारा प्रत्येक जण इतिहासाचा शत्रु, असें आमचें म्हणणें नाहीं. हौस ही देखील त्या त्या काळाची साक्ष आहे. भांडारकर प्राच्यविद्या संस्थेनें सन १९१९ मध्यें हातीं घेऊन सन १९६६ मध्यें पुरी केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ति हाच आमचा आदर्श आहे. तींत संपादकांनीं प्रक्षिप्त म्हणून वगळलेला भाग फेंकून दिला नाहीं. तळटीपांत व परिशिष्टांत तो नोंदवून ठेवला. कोणत्या प्रतींत काय आढळतें हें वाचकास कळलें पाहिजे, एवढाच त्यांतील न्याय. कायद्याच्या मर्यादेंत राहून गाडींत जो बदल करावयाचा तो करावा, पण पाठभेद लिहून ठेवावा.

यास्तव संग्राहक-बंधूंस आमची सूचना अशी आहे. आपल्या घरीं किंवा परिचयाच्या घराण्यांत जुनी मोटार असेल किंवा पूर्वीं असली, तर तिचें नोंदणी-पुस्तक, कराच्या पावत्या, दुरुस्तीचीं बिलें व तारखेसह छायाचित्रें एका रुमालांत बांधून ठेवावीं. सांगाड्याचा व इंजिनाचा क्रमांक स्वतंत्र कागदावर उतरून घ्यावा. काढून टाकलेला भाग विकण्यापूर्वीं त्याचें वर्णन लिहावें. संगणकांतील कोष्टकें कोणीं बदलूं म्हटलें तर आधीं मूळची प्रत मागून घ्यावी. नोंदणीचे जुने कागद आतां संगणकाच्या नोंदींत वितळत आहेत, आणि गाड्या भंगारांत जात आहेत. ज्यांच्याजवळ पन्नास वर्षांपूर्वींच्या मोटारींचे असे रुमाल आजही शाबूत आहेत, त्यांनीं त्यांची यादी करून ती मंडळाच्या दप्तरीं ठेवावी, म्हणजे पुढील अभ्यासकांची सोय होईल.