ओझे कोणत्या आसावर?

बैलगाडी भरणाऱ्याला तराजू लागत नसे. माल पुढे आला की गाडी धुरजड होई आणि जू बैलांच्या मानेवर रुते. मागे गेला की गाडी उलाळ होऊन जू वर उचलले जाई. दोन पोती इकडची तिकडे केली की काम झाले. अमेरिकेतला ट्रेलरचालक आजही हेच करतो, फक्त पोत्यांऐवजी तो चाके सरकवतो.

तिथल्या केंद्रीय महामार्गांवर एकेरी आसावर २०,००० पौंड, जोड-आसावर ३४,००० आणि एकूण ८०,००० पौंड, म्हणजे सुमारे ३६ टन, अशी मर्यादा आहे. समजा, काट्यावर पुढचा आस १२,००० पौंड भरला, इंजिनाच्या गाडीचा मागचा जोड-आस ३५,५०० आणि ट्रेलरचा जोड-आस ३१,०००. बेरीज ७८,५००. एकूण वजन कायद्यात बसते, तरीही दंड होतो, कारण मधला जोड-आस दीड हजार पौंडांनी जड आहे.

अशा वेळी चालक ट्रेलरच्या चाकांना अडकवणाऱ्या पिना ओढतो, ट्रेलरचे ब्रेक लावून ठेवतो आणि गाडी हलकेच मागे घेतो. चाके जागीच राहतात, वरचा डबा मागे सरकतो. चाके मालाच्या मध्याजवळ आली की ती जास्त भार उचलतात आणि मधला आस हलका होतो. एका भोकामागे साधारण चारशे पौंड सरकले, तर चार भोके पुरतात. मग पिना नीट बसल्या का, हे खाली वाकून पाहायचे. आळस केला तर चाके डब्याखाली सरकायची!

एवढा काटेकोरपणा कशासाठी? मेन आणि मॅसॅच्युसेट्स या राज्यांनी १९१३ मध्येच वजनावर बंधने घातली होती. १९५६ च्या महामार्ग कायद्याने एकेरी आसाला १८,०००, जोड-आसाला ३२,००० आणि एकूण ७३,२८० पौंड ही मर्यादा ठरवली. पण कोणत्या भाराने रस्ता किती झिजतो, याचा पक्का हिशोब नव्हता. तो करण्यासाठी इलिनॉय राज्यात ओटावा गावाजवळ सहा वळसेदार रस्ते बांधण्यात आले. १९५८ ते १९६० अशी दोन वर्षे लष्कराच्या जवानांनी त्यांवर भरलेले ट्रक गोल गोल फिरवले. काम किती कंटाळवाणे असेल, याची कल्पनाच केलेली बरी. एकेरी आसावरचा भार २,००० पासून ३०,००० पौंडांपर्यंत होता. प्रत्येक तुकड्यावरून आसांच्या अकरा लाखांवर फेऱ्या व्हायच्या होत्या. कित्येक तुकडे त्याआधीच उखडले. रस्ता कितपत चांगला उरला, हे ठरवायला परीक्षक गाडीत बसून शून्य ते पाच असे गुण देत.

या आकड्यांतून निघाले ते असे, की झीज साधारणपणे आसावरच्या भाराच्या चौथ्या घाताने वाढते. भार दुप्पट झाला की झीज सोळापट. भार वीस टक्के जास्त झाला तरी झीज दुपटीवर जाते. म्हणजे रस्त्याला एकूण वजनाशी फारसे देणेघेणे नसते; एकेक आस किती दाबतो, हे त्याला कळते.

गंमत अशी, की हे सिद्ध झाल्यावर मर्यादा उतरली नाही, चढली. १९७३ च्या तेलटंचाईनंतर इंधन महागले, वेगही ताशी ५५ मैलांवर आणला गेला आणि वाहतूकदार अडचणीत आले. मग १९७४ च्या दुरुस्ती कायद्याने राज्यांना एकेरी आस १८,००० वरून २०,००० पौंडांपर्यंत नेण्याची मुभा दिली. दिसायला वाढ अकरा टक्के. चौथ्या घाताने झीज मात्र निम्म्याहून जास्त वाढते. त्याच कायद्याने पुलांसाठी आसांमधल्या अंतराचे सूत्र आणले, ते मात्र शहाणपणाचे होते.

ओटावाचा हिशोब आपल्याकडेही आला. इंडियन रोड्स काँग्रेस डांबरी रस्त्याची जाडी ठरवताना ८,१६० किलोचा प्रमाण आस धरते. तो म्हणजे तेच जुने १८,००० पौंड. २०१८ मध्ये केंद्र सरकारने चार टायरांच्या एकेरी आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली. चौथ्या घाताने पाहिले तर भरलेल्या आसाच्या प्रत्येक फेरीमागे झीज साठ टक्क्यांनी वाढते. हा वाढीव भार धावू लागला तो आधीच बांधून झालेल्या रस्त्यांवर.