पणतवंडांची वाट

रुईचं पान तोडलं की पांढरा चीक येतो. तो डोळ्यांत जाईल म्हणून लहानपणी आई आम्हाला रुईजवळ फिरकू देत नसे. या रुईच्याच कुळातली मिल्कवीड नावाची झाडं उत्तर अमेरिकेत शेताच्या बांधावर उगवतात. त्यांच्या पानांवर मोनार्क हे केशरी फुलपाखरू वाढतं.

मादी पानावर अंडं घालते. चार दिवसांत अळी निघते आणि दोनेक आठवडे नुसती खात सुटते. चिकातलं विष ती अंगात साठवते, म्हणून पक्षी सहसा तिच्या वाटेला जात नाहीत. मग हिरवा कोष, आणि त्यातून फुलपाखरू. उन्हाळ्यातली फुलपाखरं जेमतेम महिनाभर जगतात. पण उन्हाळा सरताना जन्मलेली पिढी आठ महिने जगते. ती लगेच अंडी घालत नाही, दक्षिणेकडे निघते.

पण जाते कुठे? कॅनडाचे प्राणिशास्त्रज्ञ फ्रेड अर्क्वहार्ट आणि त्यांच्या पत्नी नोरा यांनी या प्रश्नामागे जवळजवळ चार दशकं घालवली. पंखांवर चिकटवायच्या इवल्याशा चिठ्ठ्या त्यांनी तयार केल्या. हजारो स्वयंसेवक त्या चिकटवू लागले. अखेर जानेवारी १९७५ मध्ये केन ब्रुगर आणि मेक्सिकोच्याच कॅटालिना अग्वादो यांना मिचोआकान प्रांतातल्या डोंगरात, सुमारे ३,००० मीटर उंचीवर, ती सापडली. ओयामेल वृक्षांची खोडं-फांद्या फुलपाखरांनी झाकून गेल्या होत्या. गंमत अशी, की ब्रुगर रंगांधळे होते! पुढच्या वर्षी अर्क्वहार्ट स्वतः तिथे गेले, तेव्हा मिनेसोटातल्या शाळकरी मुलांनी चिठ्ठी लावलेलं एक फुलपाखरू त्यांना मिळालं.

जगाने याला 'शोध' म्हटलं. पण डोंगरातल्या माझाहुआ लोकांना ही फुलपाखरं पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. ती येतात नोव्हेंबरच्या सुरुवातीला, नेमकी मृतांच्या सणाच्या सुमारास. आपली गेलेली माणसं घरी आली, असं ते मानतात. आपल्याकडे पितृपक्षात कावळ्याची वाट पाहतात, तसंच हे.

आता येणाऱ्यांची संख्या घटली आहे. झाडांवरच्या फुलपाखरांची मोजदाद त्यांनी व्यापलेल्या जंगलावरून होते. १९९६-९७ च्या हिवाळ्यात ती १८ हेक्टर होती, २०१३-१४ मध्ये ०.६७ आणि २०२४-२५ मध्ये १.७९. चोरट्या तोडीने डोंगरातलं छत्र विरळ झालं. तिकडे अमेरिकेत तणनाशकाला दाद न देणारं मका-सोयाबीनचं बियाणं १९९६ पासून आलं. फवारणीत पीक तगलं, पण मिल्कवीड गेलं. हवामानही लहरी झालं. २००८ मध्ये युनेस्कोने हे जंगल जागतिक वारशात घेतलं. तरीही एल रोसारिओचं अभयारण्य सांभाळणारे होमेरो गोमेझ जानेवारी २०२० मध्ये बेपत्ता झाले, आणि काही दिवसांनी त्यांचा मृतदेहच सापडला.

वसंतात फुलपाखरं उत्तरेकडे निघतात, वाटेत मिल्कवीडवर अंडी घालून मरतात. पुढचा प्रवास मुलं आणि नातवंडं करतात. शरदात परततात ती पणतवंडं, कधीही न पाहिलेल्या त्याच डोंगरात. सूर्याच्या आधारे दिशा धरण्याची जाण ती जन्मतःच घेऊन येतात. वाट अशी वारशाने मिळते. वाटेवरचं मिल्कवीड आणि शेवटचं झाड मात्र माणसालाच राखावं लागणार आहे.