विश्वेश्वरय्यांच्या दोन परीक्षा

इंजिनियराला दुसरी विद्या कशाला हवी, असे कुणी विचारले तर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचे उदाहरण द्या. १८८१ साली ते बी. ए. झाले, मग पुण्यास शिकून १८८३ साली एल. सी. ई. झाले. १९०३ साली खडकवासल्यास त्यांची आपोआप उघडणारी दारे बसली आणि धरण न वाढविता पाणी सुमारे आठ फूट चढले. ही झाली इंजिनियरी! पण नीरा कालव्याचे पाणी थोड्याच बागायतदारांकडे जाई. ते अधिक गावांना मिळावे म्हणून त्यांनी पिकांच्या फेरपालटीची ‘ब्लॉक’ पद्धत आखली. आधी विरोध झाला. त्यांनी शेतकऱ्यांना हिशेब पटवून दिला. गुरुजी, मुलांना एवढे सांगाच: पाणी साठवायला गणित पुरते, वाटायला माणूसही समजावा लागतो.