पोत्सोलेच्या कुरणावरचे दोन तलाव

शुक्रवार, १९ जुलै १९८५. सकाळचे दहा वाजलेत आणि तुम्ही स्तावात उभे आहात. उत्तर इटलीतल्या त्रेंतो प्रांतात, व्हाल दी फिएम्मे दरीत, तेझेरो गावाची ही छोटी वाडी. सुट्टीचा हंगाम आहे, हॉटेलं भरलेली आहेत. मुलं ओढ्याकाठी खेळताहेत, स्वयंपाकघरांत दुपारच्या जेवणाची तयारी चालली आहे. बारा वाजून बावीस मिनिटांनी इथे काय होणार हे फक्त तुम्हाला ठाऊक आहे. पण इथे तुमचा आवाज कुणाला ऐकू येत नाही. तुम्हाला फक्त बघता येतं. मग नीट बघा आणि डोंगराकडे चालू लागा.

देवदारांच्या रांगा ओलांडल्या की पोत्सोले नावाचं उतरतं कुरण लागतं. त्यावर एकाच्या वर एक असे दोन राखाडी तलाव आहेत. वरच्या तलावाचा बांध ३४ मीटर उंच आहे. त्याच्या माथ्यावर उभे राहा. समोरच्या प्रेस्तावेल डोंगरातून फ्लोराइट काढतात. पोलाद आणि रसायनांच्या कारखान्यांना ते लागतं. खडक बारीक दळायचा, पाणी आणि रसायनं घालून फेस आणायचा. फेसाला चिकटून फ्लोराइट वर येतं आणि मागे पातळ गाळ उरतो. हा गाळ पाइपातून इथवर येतो आणि सायक्लोन नावाच्या शंकूच्या आकाराच्या यंत्रात गरगर फिरतो. जाड वाळू बांधाच्या अंगाला पडते, बारीक चिखल आणि पाणी आत तलावात जातं. पडलेल्या वाळूनेच बांध वाढत जातो. पाण्याचं धरण एकदा बांधून पुरं होतं. हा बांध मात्र रोज थोडा थोडा बांधला जातो आणि खाण चालू असेपर्यंत पुरा होतच नाही. म्हणून तो एकदा तपासून भागत नाही. त्याचं पोट किती ओलं आहे, पाणी किती वर चढलं आहे, हे रोज कुणीतरी पाहायला हवं. पायाखालच्या वाळूला हात लावा. या दोन तलावांची गंभीर तपासणी वीस वर्षांहून अधिक काळ झालेली नाही, असा निष्कर्ष पुढे चौकशी समिती काढणार आहे.

आता मागे चला. चार दिवसांवर थांबा. १५ जुलैला दुरुस्त झालेले तलाव पुन्हा पूर्ण वापरात आले आहेत. दुरुस्ती कशाची, हे पाहायला आणखी मागे जावं लागेल. जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत वरच्या बांधाचा खालचा एक भाग घसरला आणि पाणी झिरपू लागलं. उन्हाळ्याच्या तोंडाशी खालच्या तलावात, पाणी वाहून नेणाऱ्या पाइपाजवळ, जमीन खचून भोक पडलं. पाइप दुरुस्त झाला. बांध का घसरला, हा प्रश्न कुणी शेवटपर्यंत लावून धरला नाही. दोन्ही तलावांतलं पाणी बाहेर काढणारे हे पाइप गाळाच्या खालूनच जातात. गाळ दबला की तेही वाकतात आणि वाकलेल्या पाइपापर्यंत हात पोहोचत नाही.

१९७४. या मुक्कामाला जरा जास्त थांबा. तेझेरोच्या नगरपालिकेला शंका आली आणि तिने विचारलं, हे तलाव सुरक्षित आहेत का? योग्य माणसांनी, योग्य वेळी विचारलेला हा प्रश्न होता. तपासणीचं काम मात्र खाण चालवणाऱ्या कंपनीकडेच गेलं. बांधाचा उतार विलक्षण उभा आहे आणि स्थैर्य अगदी काठावर आहे, असं त्या तपासणीत दिसलं. तरीही नगरपालिकेला उत्तर गेलं ते दिलासा देणारं, आणि त्यानंतर वरचा बांध आणखी चढवला गेला. या साऱ्या प्रवासात मला सर्वांत भयंकर वाटतो तो हा कागद. जानेवारीतली घसरण निसर्गाने दिलेली सूचना होती. इथे मात्र माणसाला धोका कळला होता, त्याचा अहवालही झाला होता, आणि दरीत राहणाऱ्यांच्या हाती पडला तो त्यातला बिनधोक भाग.

१९६९ला वरचा तलाव सुरू होताना पाहा. त्याच्या बांधाचा काही भाग खालच्या तलावाच्या गाळावर टेकवला जातो आहे. म्हणजे मऊ गाळावर वाळू आणि वाळूवर पुन्हा गाळ. शेवटी १९६१ला या. खालच्या तलावाचा पहिला बांध जिथे घातला जातो आहे ते कुरण दलदलीचं आहे. बूट बुडतात. जागा निवडणाऱ्याचेही बुडाले असतील.

पुन्हा १९ जुलैला, बांधाच्या माथ्यावर. बारा वाजून बावीस मिनिटं पंचावन्न सेकंद.

समुद्रकाठच्या ओल्या वाळूवर पाय नाचवले की ती अचानक थलथलीत होते, तसंच काहीसं बांधाच्या पोटात होतं. कणांमधलं पाणी दाबाखाली येतं, कण एकमेकांना धरून ठेवेनासे होतात आणि घट्ट दिसणारी वाळू वाहू लागते. वरचा बांध सुटतो, खालच्या तलावावर कोसळतो आणि तोही जातो. सुमारे १,८०,००० घनमीटर वाळू, चिखल आणि पाणी ताशी ९० किलोमीटरच्या आसपास वेगाने स्तावावर येतं. वाटेत उपटलेली झाडं, माती आणि घरं त्यात मिसळत जातात. तेझेरोपर्यंत, पुढे आविझिओ नदीपर्यंत, सव्वाचार किलोमीटरची दरी काही मिनिटांत पुसली जाते. ५३ घरं, ३ हॉटेलं, ८ पूल. मृत २६८: त्यांत १२० स्त्रिया, ८९ पुरुष, अठरा वर्षांखालचे ३१ आणि दहा वर्षांखालची २८ मुलं.

पुढच्या वर्षांतून भराभर चला. या दुर्घटनेच्या खटल्यात जून १९९२मध्ये दहा जणांवरचे दोष कायम होतात. ज्यांनी आपली माणसं गमावली ते मात्र तेवढ्यावर थांबत नाहीत. २००२मध्ये ते 'स्तावा १९८५' प्रतिष्ठान उभारतात आणि इथे काय घडलं, का घडलं, हे खाण आणि बांधांच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांना समजावून सांगू लागतात. स्वतःच्या मुलांच्या मरणाचं तांत्रिक कारण अनोळखी इंजिनिअरांना पुन्हा पुन्हा समजावायचं, याला केवढी छाती लागत असेल.

एक शेवटची उडी, इटलीच्या बाहेर. २५ जानेवारी २०१९, ब्राझीलमधलं ब्रुमादिन्यो. पुन्हा शुक्रवार, पुन्हा दुपारचे साडेबारा वाजत आलेले. लोहखनिजाच्या गाळाचा ८६ मीटर उंच बांध तुमच्यासमोर आहे. १९७६पासून टप्प्याटप्प्याने, आतल्या गाळावरच टेकत चढवलेला. त्यात नवा गाळ टाकणं २०१६मध्येच थांबलं आहे, तरी पाणी आतच आहे, कारण त्याला बाहेर पडायला पुरेशी वाटच ठेवलेली नाही. खालच्या बाजूला, बांधाच्या समोरच, खाणीचं ऑफिस आणि कँटीन आहे आणि कामगार जेवायला बसले आहेत. १२ वाजून २८ मिनिटांनी बांधाचा पुढचा भाग काही सेकंदांत विरघळतो. भोंगा वाजत नाही. २७० माणसं जातात.

स्तावात वीस वर्षं गंभीर तपासणी झाली नव्हती. ब्रुमादिन्योत ती झाली होती. बाहेरच्या कंपनीने दिलेला स्थैर्याचा दाखला सप्टेंबर २०१८चा होता, आणि ज्या कँटीनवर तो बांध कोसळणार होता, ते त्या दाखल्यानंतरही चार महिने रोज दुपारी तिथेच भरत राहिलं.