फालमथ बंदरांतील यहुदी

मोठ्या राष्ट्रांचा इतिहास लिहिणारास साधनांची वाण पडत नाहीं. लढाया, तहनामे, दरबार आणि मंत्र्यांचे खलिते यांच्या राशी त्याच्यापुढें पडलेल्या असतात. परंतु एखाद्या लहानशा बंदरांत सवाशें-दीडशें वर्षें नांदून नाहींशा झालेल्या मूठभर लोकांचा इतिहास पाहूं गेल्यास हातीं काय लागतें? एक जुनी इमारत, थडग्यांचे कांहीं कललेले दगड आणि कोणी म्हातारपणीं लिहून ठेवलेल्या घरगुती आठवणी. तरीही समाज कशानें टिकतो व कशानें विरतो, या प्रश्नाचें उत्तर अशा लहान इतिहासांतच अधिक स्वच्छ दिसतें. कारण तेथें माणसें इतकीं थोडीं असतात कीं, एक जरी कमी झालें तरी त्याची उणीव डोळ्यांत भरते. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोंकाशीं, कॉर्नवॉल परगण्यांत, फालमथ नांवाचें बंदर आहे. तेथील यहुद्यांची हकीकत या दृष्टीनें विचार करण्याजोगी आहे.

इंग्लंडांतील यहुद्यांचा पूर्वेतिहास थोडक्यांत असा. १२९० सालीं पहिल्या एडवर्ड राजानें साऱ्या यहुद्यांस देशाबाहेर घालविलें. पुढें साडेतीनशें वर्षांहून अधिक काळ त्यांना तेथें उघडपणें राहण्याची मुभा नव्हती. ॲमस्टरडॅमचे धर्मगुरु मनश्शे बेन इस्राएल यांनीं क्रॉमवेलकडे रदबदली केल्यानंतर, १६५६ पासून, लंडनांत त्यांची वस्ती पुन्हां उजागर झाली. आरंभीं आलेले बहुतेक लोक स्पेन व पोर्तुगाल येथून परागंदा झालेल्या घराण्यांतील व्यापारी होते. अठराव्या शतकांत मात्र जर्मन मुलखांतून व मध्य युरोपांतून येणाऱ्या गरीब यहुद्यांचा भरणा वाढूं लागला. यांच्यापाशीं भांडवल नव्हतें, इंग्रजी भाषा नीट येत नव्हती, आणि लंडन शहराच्या जुन्या हद्दींत किरकोळ विक्रीचें दुकान मांडण्याचा हक्क यहुद्यास नव्हता. तेव्हां पाठीवर पेटी टाकून खेडोपाडीं किरकोळ जिन्नस विकीत हिंडणें, हाच धंदा त्यांतील पुष्कळांच्या वांट्यास आला. पोर्ट्स्मथ, प्लिमथ, फालमथ, पेन्झान्स अशा बंदरांच्या गांवीं यांपैकीं कांहीं जण स्थिरावले. बंदरांत परक्या माणसाचें कोणास नवल वाटत नाहीं, हेंही त्याचें एक कारण असावें.

फालमथ तर परक्यांच्या येण्याजाण्यावरच वाढलेलें गांव. १६८८ पासून तें ब्रिटिश टपालाच्या 'पॅकेट' नांवाच्या गलबतांचें ठाणें होतें. लिस्बनचें, वेस्ट इंडीज बेटांचें, अमेरिकेचें टपाल येथून निघे व येथेंच उतरे. ट्रॅफल्गारच्या विजयाची आणि नेल्सनच्या मृत्यूची बातमी घेऊन 'पिकल' हें जहाज १८०५ च्या नोव्हेंबरांत प्रथम याच बंदरास लागलें, आणि तेथून तिचा दूत घोडागाडीनें लंडनकडे धांवला. या पॅकेटांवरील खलाशांचा पगार तुटपुंजा असे; परंतु आपला खासगी माल बरोबर नेऊन परमुलखांत विकण्याची त्यांची जुनी वहिवाट होती. असा माल पुरविणारा, उधार देणारा, घड्याळें विकणारा व दुरुस्त करणारा दुकानदार अशा गांवीं चांगला चाले.

परंतु यहुदी मनुष्यास पोट भरण्यापुरती जागा मिळाली म्हणजे सर्व झालें असें नाहीं. त्याच्या धर्माची एक अट मोठी विलक्षण आहे. सार्वजनिक प्रार्थनेस प्रौढ पुरुष निदान दहा तरी हजर पाहिजेत. या दहांच्या समुदायास 'मिन्यान' म्हणतात. नऊ जण कितीही श्रद्धाळू असले, तरी त्यांना तोराची पोथी काढून सभेंत विधिपूर्वक वाचतां येत नाहीं; मृतासाठीं म्हणावयाची 'कद्दिश' प्रार्थनाही करतां येत नाहीं. दुसरी अट शब्बाथची. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारीं रात्र पडेपर्यंत सर्व उद्योग बंद. आपल्या कोंकणांत तेलाचा घाणा चालविणारे बेने-इस्राएल लोक शनिवारीं घाणा थांबवीत आणि त्यावरून त्यांना 'शनवार तेली' हें नांव पडलें, हें वाचकांस ठाऊक आहेच. आतां, ज्याचा धंदाच गांवोगांव हिंडण्याचा, त्यानें शब्बाथ पाळावा कोठें, आणि त्याला नऊ सोबती मिळावे कोठून?

या पेंचांतून वाट काढणारा पुरुष फालमथला मिळाला. त्याचें नांव अलेक्झांडर मोझेस. परंतु लोक त्याला 'झेंडर फालमथ' म्हणत. धंद्यानें तो चांदीकाम करणारा. १७४० च्या सुमारास तो या गांवीं येऊन राहिला, आणि तेथील यहुदी वस्तीचा आरंभ त्याच्यापासूनच धरतात. नव्यानें आलेल्या तरुण यहुद्यांना तो फेरीच्या धंद्याचा परवाना मिळवून देई, भांडवल देई, पेटींत भरावयास माल देई. मात्र त्याची एक अट असे. सोमवारपासून हवें तेथें हिंडावें. शुक्रवारीं मात्र फालमथला परत आलेंच पाहिजे, म्हणजे मिन्यान भरेल. शनिवार देवाचा, रविवारीं हिशेब. विकलेल्याचे पैसे द्यावे, नवा माल घ्यावा, आणि पुन्हां वाटेस लागावें.

ही योजना पाहून कोणी म्हणेल कीं, झेंडर हा धूर्त सावकार होता, व आठवड्याच्या आठवड्यास वसुली व्हावी म्हणून त्यानें धर्माची दोरी वापरली. दुसरा कोणी म्हणेल कीं, तो भाविक होता, व दहा माणसें जमावीं म्हणून त्यानें धंद्याचें आमिष दाखविलें. आमच्या मतें हे दोन्ही तर्क अपुरे आहेत. झेंडरनें दोन गरजा एकाच गांठींत बांधल्या, यांतच त्याची बुद्धि दिसते. निराधार तरुणास उधार मिळाली. उधार देणाऱ्यास तारण मिळालें. आणि समाजास दहावा माणूस मिळाला. प्रार्थना व्यापारावर उभी राहिली आणि व्यापाराची पत प्रार्थनेवर. पैकीं एक ढांसळल्यास दुसरी ढांसळणार, हें मात्र या रचनेंत आरंभापासूनच लिहिलेलें होतें.

त्या फेरीवाल्यांच्या आयुष्याचें चित्र इस्राएल सॉलोमन नांवाच्या, मूळच्या फालमथच्याच, एका वृद्धानें १८८७ सालीं न्यूयॉर्क येथें छापलेल्या आपल्या घराण्याच्या आठवणींत रेखाटलें आहे. त्यांत बार्नेट लेव्ही याची हकीकत आहे. हा आल्सासकडचा, साबण करण्याचा धंदा शिकलेला तरुण. लंडनांत त्याला त्या धंद्यांत शिरतां येईना. तेव्हां कोणी झेंडरचें नांव सांगितलें, आणि तो कॉर्नवॉलची वाट चालूं लागला. त्याच पुस्तकांतील आणखी एक गोष्ट फार बोलकी आहे. फेरीवाले ज्या खाणावळींत उतरत, तेथील स्वयंपाकाचीं भांडीं त्यांना धर्मतः चालत ना. म्हणून कित्येक खाणावळींत त्यांच्यासाठीं वेगळीं भांडीं कपाटांत कुलपाखालीं ठेविलेलीं असत, व किल्ली खाणावळवाल्यापाशीं असे. ज्यानें भांडें वापरलें, त्यानें तें घासूनपुसून आंतल्या बाजूस खडूनें हिब्रू अक्षरांत आपलें नांव, तारीख व त्या आठवड्यास वाचावयाच्या तोराच्या भागाचें नांव लिहून ठेवावें. पुढच्या मुशाफिरास तेवढ्यावरून कळे कीं, भांडें शुद्ध आहे, आणि आपल्यापूर्वीं अमुक भाऊबंद या वाटेनें गेला. एकमेकांस क्वचितच भेटणाऱ्या माणसांचें हें एक प्रकारचें टपालच होतें. आणि तें ख्रिस्ती खाणावळवाल्याच्या प्रामाणिकपणावर चालत होतें.

अर्थात् सर्वच खाणावळवाले तसे नव्हते. प्लिमथचा इसाया फाक व्हॅलेंटाइन यास फॉय नांवाच्या जवळच्याच बंदरांतील 'रोज अँड क्राउन' या खाणावळीच्या मालकानें, सोन्याच्या गिन्या विकत देतों असें सांगून बोलाविलें, आणि १८११ च्या नोव्हेंबरांत रात्रीं धक्क्यावरून पाण्यांत लोटून त्याचा जीव घेतला. त्याच्याजवळच्या नोटांसाठीं हें कृत्य झालें. पुढें खटला होऊन त्या खाणावळवाल्यास १८१२ सालीं फांशी देण्यांत आलें. एकाकी परक्याचें जिणें किती धोक्याचें होतें, हें यावरून दिसतें. पण त्याच्या खुनाची दाद इंग्रज न्यायासनापुढें लागली, हेंही दिसतें. १२९० आणि १८१२ यांच्यामधील अंतर तें हेंच.

फालमथच्या वस्तीनें गांवांत मूळ धरलें होतें याच्या दोन खुणा आजही उभ्या आहेत. पहिली स्मशानभूमि. फालमथहून पेनरिनकडे जाणाऱ्या रस्त्यावर पॉन्सहार्डन येथें बासेट या जमीनदार घराण्यानें यहुद्यांना दफनासाठीं जागा दिली. तिच्या लगतच 'काँग्रिगेशनलिस्ट' पंथाच्या ख्रिस्ती लोकांची दफनभूमि आहे. हे लोकही राजमान्य चर्चच्या बाहेरचेच. दोन निराळ्या धर्मांचे बाहेरचे लोक मरणानंतर एकमेकांचे शेजारी झाले. स्वतः झेंडर १७९१ सालीं वारला, तो येथेंच चिरविश्रांति घेत आहे. दुसरी खूण सिनॅगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर. तें १८०६ सालीं स्मिथिक टेकडीवर बांधलें. इमारत लहान, साधी, विटांची. परंतु तिथून बंदराचा सारा देखावा दिसतो. येणारीं गलबतें प्रार्थनेस जमलेल्या व्यापाऱ्यांच्या दृष्टीस पडावीं म्हणून ही जागा निवडली, असें तेथें सांगतात. ती आख्यायिका खरी असो वा नसो, तिच्यांत झेंडरच्याच योजनेचा अर्थ भरलेला आहे.

गलबतांवर ज्यांची नजर, त्यांचें नशीबही गलबतांबरोबरच हेलकावे खाणार. फ्रान्सशीं युद्ध चालू असतां फालमथचा लायन जोसेफ हा यहुदी व्यापारी स्पेन-पोर्तुगालच्या बंदरांशीं मालाची मोठी उलाढाल करी. पुढें नुकसानी येऊन तो खालावला. १८१० सालीं जकातखात्यानें पॅकेटांवरील खलाशांचा खासगी माल जप्त केला, तेव्हां खलाशांनीं बंड केलें, आणि पॅकेटांचें ठाणें कांहीं काळ प्लिमथला हलविण्यांत आलें. टपाल गेलें तर गांव कसें ओस पडेल, याची ती पहिली चुणूक होती. पुढें वाफेचें युग आलें. ज्या कंपनीच्या आगबोटींनीं मुंबईस विलायती टपाल आणलें, ती 'पी. अँड ओ.' आपल्या आरंभींच्या काळांत, १८३७ पासून, स्पेन-पोर्तुगालचें टपाल फालमथवरूनच नेत असे. परंतु वाफेच्या जहाजास वाऱ्याची पर्वा नव्हती, आणि लंडनशीं आगगाडीनें जोडलेलें साउदॅम्प्टन त्याला अधिक सोयीचें होतें. १८५० पर्यंत पॅकेटांचें ठाणें फालमथहून उठलें. आगगाडी फालमथला पोंचली ती १८६३ सालीं. तोंपर्यंत वेळ निघून गेली होती.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. ज्या काळांत फालमथची वस्ती ओसरत होती, त्याच काळांत इंग्लंडांतील यहुद्यांना एकामागून एक हक्क मिळत होते. १८३० पासून लंडन शहरांत दुकान मांडण्याची आडकाठी दूर झाली. १८५८ सालीं लायोनेल डी रॉथ्सचाइल्ड यांनीं पार्लमेंटांत आपलें आसन घेतलें. १८७१ सालीं ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील धर्मविषयक अटी बहुतांशीं उठल्या. दारें उघडलीं, तीं मोठ्या शहरांत. तेव्हां तरुण मंडळी तिकडे वळली. कांहीं समुद्रापलीकडे गेलीं. ज्या घरांतून मुलगा निघाला, तेथें आईबापांना त्याच्या उत्कर्षाचा आनंदच झाला असेल. परंतु टेकडीवरच्या त्या लहान मंदिरांत दहांतला एक कमी झाला. फालमथच्या यहुद्यांस कोणी हांकलून दिलें नाहीं, त्यांचें मंदिर कोणी जाळलें नाहीं. ज्या स्वातंत्र्याची त्यांच्या पूर्वजांनीं वाट पाहिली, त्याच स्वातंत्र्यानें त्यांना पांगविलें. छळ सोसणाऱ्या समाजास निदान एकत्र राहण्याचें कारण तरी असतें. सुखानें पांगणाऱ्यास तेवढेंही उरत नाहीं. लहान समाजाच्या हितचिंतकांनीं या गोष्टीचा विचार अवश्य करावा.

१८८० च्या सुमारास सिनॅगॉग बंद झालें, आणि १८९२ सालीं इमारत विकली गेली. पॉन्सहार्डनच्या स्मशानभूमींतील शेवटचें दफन १९१३ सालीं झालें. शेजारच्या ख्रिस्ती दफनभूमीसह तिला आतां संरक्षित स्मारकाचा दर्जा मिळालेला आहे. तोराची पोथी परगण्याचें मुख्य ठिकाण जें ट्रूरो, तेथील संग्रहालयांत जाऊन पडली.

ही हकीकत येथेंच संपती, तर तिच्यावर केवळ हळहळावें लागलें असतें. परंतु १९९९ सालीं कॉर्नवॉलमध्यें विखुरलेल्या यहुद्यांनीं 'केहिलत कर्नो' नांवाची नवी मंडळी स्थापन केली. आणि २०१४ सालीं संग्रहालयानें फालमथची ती जुनी पोथी त्यांच्या हवालीं केली. तेव्हां शंभरांहून अधिक वर्षें पाहण्याची वस्तु होऊन राहिलेली ती गुंडाळी पुन्हां वाचण्याची पोथी झाली. झेंडरची पेटी गेली, पॅकेटें गेलीं, शुक्रवारीं परतण्याची अटही गेली. अट राहिली ती एकच, आणि ती झेंडरनें घातलेली नव्हती: दहा जणांनीं एकत्र यावें.