कॅमेरा जुळविणारे हात

कोल्हापूरच्या चित्रपटाचा इतिहास सांगतांना आपण बहुधा 'सैरंध्री'पासून, म्हणजे १९२० सालापासून आरंभ करतों. आमच्या मतें हा आरंभ उशिराचा आहे. पडद्यावर चित्र दिसण्यापूर्वीं तें टिपणारें यंत्र या शहरांत जुळविलें गेलें. आणि तें काम नटाचें वा दिग्दर्शकाचें नसून जोडाऱ्याचें होतें.

आनंदराव व बाबुराव हे नात्यानें भाऊ. बाबुरावांचें आडनांव मेस्त्री. जगानें त्यांस 'पेंटर' केलें, कुंचला लक्षांत ठेवला आणि कानस विसरलें. फाळक्यांनीं १९१२ सालीं कॅमेरा विलायतेहून आणला होता. या भावांनीं तो घरींच घडविण्याचें मनांत घेतलें. मुंबईहून आणलेला प्रोजेक्टर त्यांचा गुरु झाला.

दोन्ही यंत्रांचें मर्म एकच. फिल्म अखंड धांवून चालत नाहीं. ती क्षणभर थबकली पाहिजे, तेवढ्यांत झडप उघडून मिटली पाहिजे आणि पुढची चौकट खिडकीपुढें आली पाहिजे. मूकपटाच्या काळीं हें सेकंदास सुमारें १६ वेळां, तेंहि हातानें दांडा फिरवून, व्हावयाचें. ३५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मला दर चौकटीस प्रत्येक कडेला ४ छिद्रें. ओढणारा आंकडा केसभर चुकला कीं चित्र थरथरतें किंवा छिद्र फाटतें. शिवाय प्रोजेक्टरच्या पेटीची फट चालून जाते. कॅमेऱ्याच्या पेटींत सुईच्या अग्राएवढा उजेड शिरला तरी फिल्म काळवंडते.

'यांत नवें तें काय? नक्कलच ती!' असें म्हणणारे आम्हांस भेटले आहेत. त्यांनीं कधीं कानस हातीं धरली नसावी. सुटा भाग नमुन्यावरून पाडतां येतो. पण चाक बसवावें, अडतें कोठें तें पाहावें, काढून कानसावें आणि पुन्हां बसवावें, अशा रीतीनें प्रत्येक भाग शेजारच्या भागाशीं जमवून घेण्याचा नमुना कोणत्याहि यंत्रांत मिळत नाहीं.

आनंदराव १९१६ सालीं वारले, तेव्हां यंत्र अपुरेंच होतें. बाबुरावांनीं विष्णुपंत दामल्यांच्या साह्यानें तें १९१८ मध्यें पुरें केलें. हेच दामले १९२९ सालीं 'प्रभात'च्या संस्थापकांत होते आणि बोलपटाच्या काळांत त्यांनीं ध्वनिलेखनाचें काम सांभाळलें. बाबुरावांस लोकमान्यांकडून 'सिनेमा केसरी' ही पदवी मिळाली. 'सैरंध्री' पडद्यावर आली, तेव्हां आनंदरावांस जाऊन चार वर्षें होत आलीं होतीं.