टेंडर कुणाचं, पान कुणाचं?

टेंडर म्हटलं की आपल्याला रस्ते, पूल आणि त्यावरचे खड्डे आठवतात. आज मात्र गोंदियाच्या जंगलातलं टेंडर. तेंदूपत्त्याचं. (टेंडर आणि तेंदू, नातं काही नाही, कानाला फक्त जवळचे वाटतात.)

टेंडर म्हणजे निविदा. अटी जाहीर होतात, इच्छुक बयाणा भरून आपला भाव बंद पाकिटात टाकतात, आता ऑनलाइन. लिलावात समोरच्याचा आकडा ऐकू येतो, इथे नाही. म्हणून माणूस खरा भाव लिहील, अशी अपेक्षा. काम करून घ्यायचं असेल तर कमी दर जिंकतो, माल विकायचा असेल तर जास्त.

तेंदूचं पान म्हणजे बिडीचं पान. भोवती जंगल आणि गावात रेल्वे जंक्शन, त्यामुळे गोंदियात बिडीचा धंदा फोफावला. मनोहरभाई पटेल हे त्याच धंद्यातलं मोठं नाव. मध्य प्रदेशानं १९६४ मध्ये आणि महाराष्ट्रानं १९६९ मध्ये कायदा करून पानाचा व्यापार सरकारच्या हाती घेतला. जंगलाचे घटक पाडले, वनविभाग निविदा काढू लागला आणि ठेकेदार फळीवर पुडे मोजून घेऊ लागला. एका पुड्यात ७० पानं. हजार पुड्यांचा एक स्टँडर्ड बोरा, म्हणजे ७०,००० पानं! एप्रिल-मेच्या उन्हात ती तोडणाऱ्यांना मजुरी मिळायची, पुढे बोनसही. पण पाकिटातला आकडा ठरवताना त्यांना कोण विचारतंय?

२००६ च्या वनहक्क कायद्यानं तेंदूपत्त्यासारख्या गौण वनोपजावर गावकऱ्यांची मालकी मान्य केली. २०१३ च्या हंगामात गोंदिया-गडचिरोलीतल्या काही ग्रामसभांनी सरकारी पद्धत सोडून पान स्वतः विकलं. तेव्हापासून पेपरात ग्रामसभांच्या जाहीर निविदा दिसू लागल्या. माझ्या मते खरा बदल हाच: टेंडर भरणारे तेच व्यापारी, काढणारा बदलला.

पण खाचा आहेतच. तिघांनी चहा पिता पिता आधीच भाव ठरवला, तर पाकीट बंद असून काय उपयोग? एकट्या छोट्या गावाकडे व्यापारी फिरकतही नाही, म्हणून ग्रामसभा एकत्र येतात. माल उचलण्याआधी पैसे, ही अटही घालावी लागते, नाहीतर पान जातं आणि उधारी राहते.

प्रत्येक निविदेत एक ओळ असते: कोणतीही निविदा कारण न देता नाकारण्याचा अधिकार राखून. वनविभागाला ती परवडते. गावाला? तेंदूचा हंगाम काही आठवड्यांचा, पान जून होतं आणि मग पाऊस येतो. भाव पडला म्हणून नकार द्यायचाच, तर तो एप्रिल उजाडायच्या आत द्यावा लागतो.